उजवा पंख, डावा पंख : हातच्या बाणासाठी पिसे निवडताना

म्हाईच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी निपाणीच्या आसपासच्या कुठल्याही गावात सकाळी फेरी मारली, तर उकिरड्याच्या कडेला पिसांचे ढीग दिसतात. तांबडी, काळी, पिवळसर, मधूनच हिरवट चमकणारी. घरोघरी कोंबडी कापलेली असतात, पाहुणे परतीच्या वाटेला लागलेले असतात आणि पिसांकडे कुणाचे लक्ष नसते. हाताने बाण करणाऱ्याला हा ढीग म्हणजे आयती दौलत वाटते. मलाही वाटली होती. त्यातली सगळ्यांत लांब आणि देखणी पिसे वेचून आणली, चिव्याच्या सहा काड्यांना चिकटवली, सुकू दिली आणि शेताच्या बांधावर उभे राहून सोडली. एकही बाण सरळ गेला नाही. दहा-बारा पावलांवरच शेपूट हलू लागायचे आणि बाण आडवा होऊन पडायचा. काड्या सरळ होत्या, खाचाही नीट होत्या. दोष पिसांत होता. प्रत्येक बाणावर उजव्या आणि डाव्या पंखांची पिसे मिसळली होती.

हे कुणी आधी सांगितले असते तर सहा काड्या आणि एक आठवडा वाचला असता. म्हणून हा लेख.

सातारच्या अदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी जागतिक विजेतेपद मिळवल्यापासून आपल्याकडच्या मुलांत धनुष्यबाणाची ओढ वाढली आहे. ती खेळते ते कंपाउंड धनुष्य. त्याच्या बाणांना प्लास्टिकची पाती असतात. ते पाहून घरच्या बांबूच्या धनुष्यावर तसलेच बाण लावावेत असे मुलांना वाटते, पण तिथे ते चालत नाहीत. कंपाउंड धनुष्यात बाण टेकायला खास आधार असतो, त्यामुळे पाती कशालाही न घासता निघून जातात. आपल्या बांबूच्या धनुष्यात मात्र बाण मुठीवरून किंवा धनुष्याच्या अंगाला घासूनच सुटतो. प्लास्टिकचे पाते तिथे आपटते आणि बाणाला धक्का देऊन वाट चुकवते. पीस त्या क्षणी दबते, घासून पुढे जाते आणि हवेत पोचताच पुन्हा ताठ होते. शिवाय ते प्लास्टिकहून खूप हलके असते. राष्ट्रीय स्पर्धांतल्या ‘इंडियन राऊंड’ प्रकारात बांबू-लाकडाची धनुष्ये घेऊन ५० आणि ३० मीटरवर नेम धरतात. त्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलाला पिसांची ओळख पहिल्यापासून असलेली बरी.

पिसाचे काम तसे साधे आहे. बाणाचे वजन टोकाकडे असते, हवेचा अडथळा मागे असावा लागतो. शेपूट जरा बाजूला गेले की हवा पिसांवर दाबते आणि ते पुन्हा ओळीत आणते. धनुष्यातून सुटताना काडी वाकते, लहरते. ती लहर लवकर निवावी म्हणूनही मागचा हा अडथळा लागतो. पिसे किंचित तिरकी असली की बाण स्वतःभोवती फिरतो आणि काडीतल्या बारीकसारीक वाकांचा परिणाम सगळ्या बाजूंना सारखा वाटला जातो. हे फिरणे एकाच दिशेने व्हायला हवे. उजव्या पंखाचे पीस बाणाला एका बाजूला फिरवू पाहते, डाव्याचे दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकाच काडीवर लावली की ती एकमेकांशी भांडतात.

पंखाची बाजू कशी ओळखायची

पंख अखंड असेल तर प्रश्नच नाही. सुटे पीस हातात आले की गोंधळ होतो. त्याला एक खात्रीची युक्ती आहे. पीस उलटसुलट करून मधला दांडा बघा. एका अंगाने तो गुळगुळीत, फुगीर असतो आणि दुसऱ्या अंगाला लांबट पन्हळ असते. पन्हळीची बाजू ही पिसाची खालची, पोटाकडची बाजू. ती तळहाताकडे, गुळगुळीत बाजू तुमच्याकडे आणि टोक आकाशाकडे धरा. आता दांड्याच्या दोन अंगांची पाती पाहा. एक अरुंद, एक रुंद. अरुंद पाते डावीकडे आणि टोकाचा झोक उजवीकडे असेल, तर ते उजव्या पंखाचे. अरुंद पाते उजवीकडे असेल, तर डाव्या पंखाचे. दहा-वीस पिसांवर हे करून पाहिले की नंतर बोटांनाच कळते, डोळ्यांची गरज उरत नाही.

बाण उजव्या पंखाचा करावा की डाव्या, यावर लोक तासन् तास बोलतात. माझ्या अनुभवात दोन्ही सारखेच उडतात. तुम्ही डावखुरे असा की उजवे, त्यानेही फरक पडत नाही. फक्त एका बाणावर एकाच बाजूची पिसे हवीत, आणि जमल्यास एका जुडीतले सगळे बाणही एकाच बाजूचे असावेत, म्हणजे नेम धरताना प्रत्येक बाण सारखा वागतो. तयार पिसांचे पाकीट विकत घेतलेत, तर त्यावर ‘आरडब्ल्यू’ किंवा ‘एलडब्ल्यू’ अशी खूण असते, म्हणजे अनुक्रमे उजवा पंख आणि डावा पंख. ती खूण न पाहता दोन पाकिटे आणणारेही मी पाहिले आहेत.

आता पंखातली कुठली पिसे घ्यायची? कोंबड्याचा पंख उलगडून धरा. टोकाकडे दहा मोठी, टणक पिसे दिसतील. त्यांच्या आणि अंगाकडच्या पिसांच्या मधोमध एक आखूड पीस असते. तीच हद्द समजा. हद्दीच्या बाहेरची, टोकाकडची पिसे आपल्या कामाची. त्यातलीही अगदी कडेची दोन-तीन फार अरुंद असतात, ती सोडून द्या. उरलेल्या सात-आठांतली पाच-सहा चांगली निघतात. अंगाकडची पिसे मऊ आणि जास्त वाकडी असतात, ती सरावाच्या बाणाला लावा. कोंबड्याच्या शेपटीची लांब, कमानदार पिसे पाहून मोह होतो, पण बाणाला त्यांचा उपयोग नाही. ती मुलांच्या टोपीत खोवावीत.

निवडलेले प्रत्येक पीस तीन कसोट्यांतून काढा. पहिली : पाते टोकाकडून बुडाकडे उलटे ओढून विस्कटा आणि मग बुडाकडून टोकाकडे दोन बोटांच्या चिमटीतून अलगद सरकवा. पिसाच्या तंतूंना सूक्ष्म आकडे असतात, ते एकमेकांत अडकून पाते पुन्हा अखंड झाले पाहिजे. फटी राहिल्या तर पीस म्हातारे झाले किंवा उवांनी खाल्ले. दुसरी : दांडा हलका वाकवून सोडा, तो झटकन सरळ व्हावा. तिसरी कसोटी बहुतेक जण करत नाहीत आणि तीच महत्त्वाची आहे. पीस उजेडासमोर धरा. पात्यावर आडव्या, फिकट रेषा दिसल्या तर ते बाजूला ठेवा. पीस वाढत असताना पक्ष्याला उपास घडला, आजार झाला किंवा मोठी भीती बसली, तर त्या दिवसांची खूण अशा रेषेच्या रूपाने राहते आणि पीस नेमके तिथेच तुटते.

कुणाची पिसे

गावठी कोंबडा हा आपल्या भागातला हुकमी पक्षी. वर्षभराचा, परड्यात हिंडून वाढलेला कोंबडा असेल तर पिसे चिवट असतात आणि चार इंचांचे पाते सहज निघते. गिरिराजाचा कोंबडा अंगाने मोठा, त्याचे पाते आणखी रुंद. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली ही जात आता सीमाभागातल्या खेड्यापाड्यांत रुळली आहे, त्यामुळे शोधायला लांब जावे लागत नाही. तलंगेची पिसे लहान भरतात, पण सात-आठ वर्षांच्या मुलांच्या छोट्या बाणांना छान बसतात. आमच्याकडे मुले उसाच्या तुऱ्याच्या काडीचे बाण करतात. त्या हलक्या काडीला तलंगेच्या पिसाचा दोन इंची तुकडा पुरतो, आणि तो लावताच तोच बाण दुप्पट लांब जाताना पाहून मुलांचे डोळे विस्फारतात.

चिकनच्या दुकानामागे पोत्यांनी पडलेली पांढरी पिसे मात्र घेऊ नका. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत कापला जातो. त्याची पिसे अजून वाढीत असतात, दांड्याच्या बुडाशी रक्त असते, पाते कोवळे असते. वाळल्यावर दांडा चिमतो आणि आत राहिलेले रक्त कुजून वास मारते. फुकट मिळतात म्हणून पोतेभर आणून मी ते फेकून दिले आहे.

बाणासाठी कोंबड्याहून उत्तम पीस टर्कीचे आणि पाळीव हंसाचे. टर्कीचे पाते उंच आणि दांडा सरळ, एका पिसातून चार-पाच इंची तुकडा मिळतो, मोठ्या पिसातून कधी दोन. म्हणून जगभरात विकली जाणारी तयार पिसे बहुतेक टर्कीचीच असतात. चेन्नईच्या नंदनम केंद्राने ‘नंदनम टर्की-१’ ही जात काढली, तेव्हापासून दक्षिणेत टर्कीपालन बरेच पसरले. महामार्गाकडेच्या एखाद्या फार्महाऊसवर टर्की दिसला तर थांबून विचारायला लाजू नका. हंसाच्या पिसाचा विशेष असा की त्याला तेलकटपणा असतो, पाणी पटकन निथळते. बेळगावच्या पावसात कोंबड्याची पिसे भिजून दांड्याला चिकटतात, हंसाची बराच वेळ तग धरतात. इंग्रज धनुर्धाऱ्यांचा सगळा भरवसा हंसावर होता. १४१७ साली पाचव्या हेन्रीने परगण्यांतल्या प्रत्येक हंसाची सहा पिसे सैन्यासाठी गोळा करण्याचा हुकूम काढला होता. ‘प्रत्येकी सहा’ हा आकडा मला फार बोलका वाटतो. वरच्या हिशेबात एका पंखातून पाच-सहा चांगली पिसे निघतात असे म्हटले, ते इथे आठवावे.

फार्महाऊसवर राखणीला हंस पाळलेले असतील, तर एक गोष्ट मालकाला सांगून ठेवा. कोंबडी पंखातली पिसे एकेक करून टाकते, हंस आणि बदके मात्र वर्षातून एकदा उडण्याची सगळी पिसे जवळजवळ एकदम गाळतात. विणीचा हंगाम संपल्यावर त्या थोड्या दिवसांत रोज सकाळी अंगण झाडणाऱ्या माणसाने पिसे एका टोपलीत टाकली, तरी तुमची वर्षाची बेगमी होते. पक्ष्याला हात लावावा लागत नाही. जिवंत पक्ष्याची पंखातली पिसे उपटणे हा क्रूरपणा आहे. त्याला दुखते, रक्त येते. तसे आणून देणाऱ्याकडून पिसे घेऊ नका.

मागायचे कसे

म्हाई, जत्रा आणि आखाड हे आपले हंगाम. पण उकिरड्यावरून पिसे वेचण्यात अर्थ नाही. बाजू मिसळलेल्या असतात, आणि कोंबडा उकळत्या पाण्यात बुडवून सोललेला असेल तर पिसे पिळवटून, चिकटून येतात. आदल्या दिवशी चार घरांत जाऊन सांगायचे, की पाण्यात घालण्याआधी दोन्ही पंख सांध्यापासून कापून बाजूला ठेवा. पहिल्या वर्षी शेजारच्या आजींनी विचारले, “पिसांचं काय करतोस रं लेकरा? उशी का?” बाण दाखवल्यावर त्यांनी स्वतःच घराघरांत निरोप दिला. पंख अखंड मिळाला की तिथल्या तिथे उजव्याला लाल दोरा, डाव्याला पांढरा दोरा बांधायचा. घरी येईपर्यंत पिशवीत सगळे एक झाले तरी चिंता नाही.

किती पंख लागतील, याचा हिशेब आधी करा. एका बाणाला तीन पिसे, सहा बाणांना अठरा, तीही एकाच बाजूची. चार कोंबड्यांच्या उजव्या पंखांतून पाच-पाच धरली तर वीस होतात. म्हणजे सहा बाण होऊन दोन पिसे दुरुस्तीला उरतात. डाव्या पंखांतून तेवढाच दुसरा संच निघतो. चार कोंबडे, बारा बाण.

चिकोडी, हुक्केरी, संकेश्वरच्या बाजूला कन्नड बोलणाऱ्या घरांत मागायचे तर चार शब्द पाठ असू द्यात. पीस म्हणजे ‘गरी’, पंख म्हणजे ‘रेक्के’, कोंबडा ‘हुंज’, बदक ‘बातुकोळी’. उजवा ‘बल’, डावा ‘एड’. ‘हुंजद रेक्के’ एवढे म्हटले तरी काम होते, आणि मोडक्यातोडक्या कन्नडने मागणाऱ्याला सहसा कुणी रिकाम्या हाताने पाठवत नाही.

रानातले पीस रानात राहू द्या

इथे जरा थांबून बोलायला हवे, कारण बाणाच्या पिसांबद्दल वाचायला लागले की लगेच गिधाड, मोर, घार अशी नावे समोर येतात. वसिष्ठाच्या नावावर असलेल्या धनुर्वेदसंहितेत बाणाला चांगली पिसे कुणाची, याची यादीच आहे. कावळा, हंस, क्रौंच, मोर, गिधाड, कुरर वगैरे. बाणाला चार पिसे लावावीत, ती सहा अंगुळे लांब कापावीत, शिंगाच्या धनुष्याच्या बाणाला दहा अंगुळे, आणि स्नायूच्या तातीने घट्ट बांधावीत, असेही त्यात सांगितले आहे. सहा अंगुळे म्हणजे साधारण साडेचार इंच. आजही बांबूच्या धनुष्याला नेमकी हीच लांबी चांगली चालते. लांबीचा सल्ला घ्या, घट्ट बांधण्याचा सल्ला घ्या. पक्ष्यांच्या यादीतला मात्र एकटा हंसच आपल्यासाठी उरला आहे, तोही पाळलेला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्ष्यांना संरक्षण दिले आहे, आणि वन्य प्राण्याच्या अवयवांच्या व्याख्येत पीस स्पष्टपणे येते. शिकार, खरेदी-विक्री तर सोडाच, मेलेला सापडलेला रानपक्षी आणि त्याचे अवयवही सरकारची मालमत्ता ठरतात. असे काही हाती आले तर ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवावे लागते. कोगनोळीच्या नाक्यावर राज्य बदलते, हा कायदा बदलत नाही.

मोराबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत. निपाणी, चिकोडी, कागल पट्ट्यातल्या उसात मोर भरपूर, पिसे बांधावर पडलेली दिसतात. गळालेल्या शेपटीच्या पिसांपुरती कायद्यात देशांतर्गत सूट आहे, पण ती शेपटीपुरतीच. बाणाला लागतात पंखातली तांबूस पिसे, आणि त्यांना ती सूट नाही. शेपटीचे मोरपीस बाणाच्या कामाचेच नाही. त्याचे तंतू सुटे असतात, एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून ते वाऱ्यावर थरथरते आणि चमकते. हवेला अडवायची ताकद त्यात नाही. त्याची खरी जागा वेगळी आहे. निपाणीजवळच्या स्तवनिधीला गेलात तर दिगंबर मुनींच्या हातात पिच्छी दिसेल. आपणहून गळालेल्या मोरपिसांची, बसण्यापूर्वी जागेवरची किडामुंगी हळुवार बाजूला करण्यासाठी. पिसाचा तो मऊपणा तिथे कामी येतो. मोर न दुखवता त्याची पिसे गोळा करण्याची रीत आपल्या परिसरात इतकी जुनी आहे, याचा मला अभिमान वाटतो.

गिधाडांचे तर विचारूच नका. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने देशातली गिधाडे नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण पक्षी परत यायला पिढ्या जाव्या लागतात. घुबडाचे पीस अंधश्रद्धेपायी विकले जाते. कुणी ‘खास’ म्हणून देऊ केले तर नाकारा. त्याची कड झालरीसारखी मऊ असते आणि बाणाला ती काही उपयोगाची नाही. हिवाळ्यात धुपदाळ बंधाऱ्याच्या घटप्रभा पक्षी अभयारण्यात गेलात, तर पाण्याकाठी सुंदर पिसे पडलेली दिसतील. पाहा, फोटो काढा, तिथेच ठेवा. आणि बाण तयार झाल्यावर तो पेंढ्याच्या भाऱ्यावरच सोडा. पाखरांवर किंवा सशांवर बाण चालवणे हा गुन्हा आहे, आणि मुलांना पहिल्याच दिवशी हे सांगितले पाहिजे.

धुणे, वाळवणे, साठवणे

पंख घरी आणले की नाक-तोंडाला फडके बांधून आणि हातमोजे घालूनच काम करा. परिसरात मानमोडी किंवा बर्ड फ्लूची बातमी असेल तर त्या वर्षी पिसे गोळाच करू नका. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. आपोआप मेलेल्या कोंबडीची पिसे कधीच घ्यायची नाहीत, भले ती कितीही देखणी असोत.

पिसे उपटताना एकेक करून, दांड्याच्या दिशेने सरळ ओढा. वाकडे ओढले की बूड चिरते. कोमट पाण्यात रिठा खळबळून त्यात ती हलवा, चोळू नका. दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. कापडावर सावलीत पसरा, उन्हात दांडा ठिसूळ होतो. अर्धवट वाळल्यावर प्रत्येक पीस बोटांतून सरकवून पाते जुळवून ठेवा. पूर्ण वाळल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवली की उवा-पिसवा मरतात. घरच्यांची परवानगी आधी घ्या.

साठवण हा खरा कस. पीस खाणाऱ्या किड्यांनी माझा एक पूर्ण हंगाम खाऊन टाकला. वरून सगळे ठीक होते, हात लावताच पात्याचा भुगा झाला. डांबरगोळ्या चालतात, कडुनिंबाचा वाळलेला पाला चालतो. पण निपाणीत राहून दुसरीकडे कशाला पाहायचे? मी पत्र्याच्या डब्यात तळाशी वाळलेल्या तंबाखूच्या कांड्या अंथरतो, त्यावर कागद आणि कागदावर पिसे. निकोटीन किड्यांना मानवत नाही. डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा उंच ठेवायचा आणि दर पावसाळ्यानंतर कांड्या बदलायच्या. मध्ये जाड पुठ्ठा घालून एका बाजूला ‘उ’, दुसऱ्या बाजूला ‘डा’ असे लिहून ठेवा.

काडीवर बसवताना

पिसाचे रुंद पातेच वापरायचे, अरुंद काढून टाकायचे. धारदार पात्याने दांडा मधोमध उभा चिरा, मग सपाट फळीवर खरकागद ठेवून चिरलेली बाजू घासा. दांडा इतका पातळ व्हावा की काडीवर आपसूक लोळण घेईल, पण पात्याला धरून ठेवण्याइतका राहील. यात घाई केली तर पुढचे सगळे फुकट. घासताना पीस लाकडी चिमट्यात धरले तर सोपे जाते.

चार ते पाच इंचांचे तुकडे कापा. बूड पुढे, बाणाच्या टोकाकडे, आणि पिसाचे टोक मागे, खाचेकडे. नवखी माणसे नेमके उलटे लावतात आणि मग हवा तंतू विस्कटून टाकते. खाचेपासून इंचभर जागा सोडा, तिथे बोटे येतात. पहिले पीस खाचेच्या रेषेला काटकोनात, बाकीची दोन त्याच्यापासून सारख्या अंतरावर. पहिले पीस वेगळ्या रंगाचे घ्या, म्हणजे दोरीवर बाण चढवताना न पाहता कळते. ते धनुष्याच्या बाहेरच्या बाजूला यायला हवे. थोडा तिरकेपणा द्या. खाचेकडून पाहताना उजव्या पंखाच्या पिसाचे पुढचे टोक दोनेक मिलिमीटर उजवीकडे, डाव्याचे तितकेच डावीकडे. उलट तिरके लावले तर पिसाचा नैसर्गिक वाक आणि तुमचा तिरकेपणा एकमेकांविरुद्ध जातात.

गोंद कुठलाही चालतो, पण फेविकॉल पावसात सुटतो हे लक्षात ठेवा. मी आधी गोंदाने टेकवतो आणि मग दोन्ही टोकांना रेशमी दोऱ्याचे दहा-बारा वेढे देऊन त्यावर लाख किंवा वॉर्निश फिरवतो. पुढच्या टोकाचे वेढे केवळ पीस टिकावे म्हणून नाहीत. आपल्याकडे बाण मुठीवरून सुटतो, पिसाचे पुढचे टोक उचकटलेले असेल तर ते हातात शिरते. वेढ्यांवरून अंगठा फिरवून पाहा, काही लागले तर पुन्हा बांधा. मग कात्रीने आकार द्या, पुढे उतरता, मागे उंच. उंची अर्ध्या इंचाच्या आसपास. जास्त उंच ठेवलीत तर बाण लवकर सावरेल पण लवकर मंदावेल, जवळच्या सरावाला ते चालते.

पहिली चाचणी आठ-दहा पावलांवरून, पेंढ्याच्या भाऱ्यावर. त्याआधी काडी हलकी वाकवून चीर गेली नाही ना, ते प्रत्येक वेळी पाहा. बाण भाऱ्यात शिरल्यावर शेपूट सतत एकाच बाजूला दिसत असेल, तर दोष बहुधा काडीच्या ताठपणात आहे, पिसांत नाही. दर वेळी वेगळ्या बाजूला दिसत असेल, तर पिसांची बाजू आणि तिरकेपणा तपासा.

वापरून पिसे चेपतात, वाकतात. ती टाकू नका. चहाच्या किटलीच्या वाफेवर पीस चार-पाच सेकंद धरा, बाण सावकाश फिरवत राहा. पाते हळूहळू उभे राहते. आकडे सुटले असतील तर वाफेत ओलसर असतानाच बोटातून सरकवून घ्या. तुटलेल्या पिसासाठी डब्यातली ती उरलेली दोन काढा. त्याच बाजूची आहेत ना, ते मात्र उजेडात पन्हळ पाहून खात्री करूनच.